डायव्हिंगमधली कोलांटी आणि मुक्त पतन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहा मीटरवरून सूर मारणारा खेळाडू दोन सेकंदसुद्धा हवेत नसतो. तेवढ्यात साडेतीन-चार कोलांट्या, कधी त्यात दोन-अडीच गिरक्या, आणि पाण्यात शिरताना अंग काठीसारखं ताठ. हे बघताना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं इथे आहेत. शाळेतलं भौतिकशास्त्र आठवत असेल तर उत्तम, नसेल तरी अडणार नाही. हिशोब साधे आहेत. गुरुत्व त्वरण ९.८ धरून कागद-पेन्सिल घेतलीत तर तेच आकडे तुमचेही येतील.

खेळाडू नेमका किती वेळ हवेत असतो?

दहा मीटरवरून दगड नुसता सोडला तर तो १.४३ सेकंदांत पाण्यावर पोचतो. खेळाडू मात्र सोडून देत नाही, वर उडी मारतो. शरीराचं वस्तुमान केंद्र, म्हणजे सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, अर्धा मीटर वर गेलं असं धरू. वर जायला ०.३२ सेकंद, तिथून साडेदहा मीटर खाली यायला १.४६ सेकंद, म्हणजे एकूण १.७८.

(वस्तुमान केंद्र सुरुवातीला प्लॅटफॉर्मपासून साधारण एक मीटर वर असतं, आणि हात पाण्याला टेकतात तेव्हाही ते पाण्यापासून जवळपास तेवढंच वर असतं. म्हणून पतन दहाच मीटरचं धरलं तरी चालतं.)

या १.७८ सेकंदांची वाटणी मात्र फार विषम आहे. वर जाऊन पुन्हा प्लॅटफॉर्मच्या पातळीला येईपर्यंत ०.६४ सेकंद गेलेले असतात. एक तृतीयांशाहून जास्त वेळ वरच्या अर्ध्या मीटरमध्येच संपला! उलट शेवटच्या दहाव्या हिश्श्याच्या सेकंदात खेळाडू जवळपास १.४ मीटर खाली येतो. म्हणून मुरलेले खेळाडू वरच घाई करतात आणि खाली निवांत दिसतात. कोलांट्या उंचावर उरकल्या की शेवटचे तीन-चार मीटर अंग सरळ करून पाण्याची वाट बघता येते.

तीन मीटरच्या स्प्रिंगबोर्डवरून वेळ फार कमी मिळत असेल असं वाटतं, पण बोर्ड खेळाडूला सव्वा मीटरपर्यंत सहज वर फेकतो. तेवढी उंची धरली तर तिथेही १.४ सेकंदांच्या वर वेळ मिळतो, म्हणजे दहा मीटरवरून नुसत्या पडणाऱ्या दगडाइतका.

पाण्यात शिरताना वेग किती असतो?

दहा मीटरवरून ताशी ५० किलोमीटरच्या थोडा वर. तीन मीटरच्या बोर्डवरून, वरच्या उडीसकट, ताशी ३३ च्या आसपास.

जड खेळाडू लवकर पडतो का? अंग आक्रसून घेतलं तर?

दोन्हींना नाही. पडण्याच्या वेगाचा वजनाशी संबंध नाही, आणि इतक्या कमी उंचीवर हवेचा विरोध किरकोळ असतो. खेळाडू हवेत काहीही करो, वस्तुमान केंद्राचा मार्ग पाय सुटले त्या क्षणी ठरलेला असतो. एकाच उंचीची उडी मारलेले दोन खेळाडू, एक आक्रसलेला आणि एक ताठ, शेजारी शेजारीच खाली येतील. सिंक्रोनाइज्ड डायव्हिंगमध्ये (दोघांनी एकाच वेळी मारलेली सारखी उडी) वेगवेगळ्या उंची-वजनाच्या जोड्या चालतात त्या याच जोरावर. त्यांची खरी पंचाईत पडण्यात नसते, फिरण्यात असते.

हवेत फिरण्याचा वेग एकदम वाढलेला दिसतो. ती फिरकी येते कुठून?

या सगळ्या विषयाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

गुरुत्वाकर्षण शरीराच्या प्रत्येक कणाला खाली ओढतं. या सगळ्या ओढीची गोळाबेरीज वस्तुमान केंद्रातून जाते, आणि केंद्रातून जाणारं बल वस्तूला खाली नेतं, फिरवत नाही. हवेत धरायला दुसरं काही नसतं. त्यामुळे फळीवरून पाय सुटताना जेवढा कोनीय संवेग शरीरात आला, तेवढाच पाणी लागेपर्यंत राहतो. त्यात भर घालता येत नाही, आणि तो टाकूनही देता येत नाही. कोनीय संवेग ही बांधून घेतलेली शिदोरी आहे. वाटेत ती कधी आणि किती उघडायची एवढंच आपल्या हातात.

उघडायची कशी? कोनीय संवेग म्हणजे जडत्व आघूर्ण गुणिले फिरण्याचा वेग. जडत्व आघूर्ण म्हणजे वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय त्याचं माप, आणि त्यात अंतराचा वर्ग येतो. हात डोक्यावर ताणून सरळ असलेल्या शरीराचं आघूर्ण गुडघे छातीशी घेतलेल्या शरीराच्या चार-पाच पट भरतं. गुणाकार तोच राहायचा असेल तर अंग आवळताच फिरण्याचा वेग चार-पाच पट व्हायलाच हवा. डोळ्यांना दिसतो तो हाच झटका. नवीन काही आलेलं नसतं.

मग फळीवर असताना फिरकी मिळवतात कशी?

फळी पायांना वर ढकलते. त्या बलाची रेषा वस्तुमान केंद्रातून गेली तर नुसती उंची मिळते. ती केंद्राच्या मागून गेली तर शरीर पुढे कलंडू लागतं, म्हणजे पुढची कोलांटी. पुढून गेली तर मागची. म्हणून पुढच्या कोलांटीत खेळाडू पाय सुटण्याआधी किंचित पुढे झुकलेला असतो. उघड्या डोळ्यांना ते कळतही नाही, स्लो मोशनमध्ये मात्र स्पष्ट दिसतं.

दुसरा वाटा हातांचा. डोक्यावरचे ताणलेले हात जोरात पुढे-खाली फेकले जातात तेव्हा पाय अजून फळीवरच असतात. हातांनी कमावलेला कोनीय संवेग नंतर सगळ्या शरीरात वाटला जातो. हेच हात पाय सुटल्यावर फेकले तर काही मिळत नाही. हात पुढे जातील, धड तेवढंच मागे जाईल, बेरीज जिथल्या तिथे. नवशिक्यांच्या कोलांट्या अर्ध्यावर राहतात त्यामागे पुष्कळदा हीच चुकलेली वेळ असते. ताकद कमी पडली असं समजून ते आणखी जोर लावतात, आणि तोही उशिराच लावतात.

उंच उडी आणि जोरदार फिरकी, दोन्ही एकदम का जमत नाही?

कारण दोन्ही एकाच धक्क्यातून काढायच्या असतात. पाय फळीवर असतात तो वेळ सेकंदाचा छोटासा भाग. जास्त झुकलात तर फिरकी वाढते, पण धक्क्याचा काही भाग आडवा जातो आणि उंची घटते. ताठ राहिलात तर उंची मिळते आणि फिरकी अपुरी पडते.

उंचीची किंमत काढून पाहू. प्लॅटफॉर्मवरून उडी ५० ऐवजी ६० सेंटिमीटर झाली तर हवेतला वेळ १.७८ वरून १.८२ सेकंद होतो. चार शतांश सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण सेकंदाला पावणेतीन फेऱ्यांच्या वेगाने फिरणाऱ्यासाठी ते ३५ ते ४० अंश आहेत. पाण्यात शिरताना उभ्या रेषेपासून दहा अंश ढळलं तरी पंच गुण कापतात, त्यामुळे ही दहा सेंटिमीटरची उंची कोणी सोडत नाही.

टक, पाईक आणि स्ट्रेट यांत फरक काय?

टकमध्ये गुडघे आणि कंबर दोन्ही दुमडून अंगाचा गोळा. पाईकमध्ये कंबर दुमडलेली, गुडघे सरळ. स्ट्रेटमध्ये सगळंच ताठ. जडत्व आघूर्ण याच क्रमाने वाढतं. पाईकचं टकच्या साधारण दीडपट ते पावणेदोन पट असतं, त्यामुळे तीच उडी पाईकमध्ये मारली तर काठिण्य गुणांक (उडी किती अवघड याचा आकडा) जास्त मिळतो.

इथे एक गोष्ट प्रेक्षकांना दिसत नाही: गोळा धरून ठेवायलाच किती ताकद लागते! सेकंदाला पावणेतीन फेऱ्या, पोटऱ्या आणि पावलं मिळून सात किलो, ती अक्षापासून ३० सेंटिमीटरवर. गणित केलं तर त्यांना वर्तुळात धरून ठेवायला ६०० न्यूटनच्या वर बल लागतं. म्हणजे ६० किलोच्या खेळाडूला जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं ओझं हातांनी छातीशी आवळून ठेवायचं. पकड ढिली झाली की गोळा फुगतो, वेग उतरतो आणि शेवटची अर्धी कोलांटी अंगावर येते. दमलेल्या खेळाडूचे घोट्यांजवळचे हात निसटताना कॅमेऱ्यात कधीकधी दिसतात.

शेवटी फिरणं थांबतं कसं?

थांबत नाही. थांबल्याचा भास होतो. माझ्या मते डायव्हिंगमधली सगळ्यात सुंदर फसवणूक हीच.

कोनीय संवेग टाकून देता येत नाही हे वर आलंच. अंग उघडलं की वेग चार-पाच पटींनी खाली येतो, पण शून्य होत नाही. गोळ्यात सेकंदाला पावणेतीन फेऱ्या असतील तर ताणलेल्या अंगाने अर्ध्याहून जास्त फेरी उरतेच. म्हणजे सेकंदाला दोनशेहून अधिक अंश. बोटं पाण्याला लागल्यापासून पावलं आत जाईपर्यंत सुमारे दीड दशांश सेकंद जातो, आणि तेवढ्यात शरीर तीसेक अंश फिरू पाहतं. म्हणून हात टेकतात तेव्हा अंग पूर्ण उभं नसतं, किंचित अलीकडे असतं. उरलेली फिरकी पाण्याखाली संपवतात. हात-डोकं आत गेल्यावर खेळाडू कमरेतून वाकून त्याच दिशेने वळत राहतो, त्यामुळे पाय मागे न झुकता त्याच भोकातून आत ओढले जातात. पाण्याखालचा कॅमेरा लागला की नीट पाहा. वर पुतळ्यासारखा ताठ दिसलेला माणूस खाली अर्धी कोलांटी पूर्ण करत असतो.

अंग उघडण्याची वेळ किती नेमकी लागते? पावणेतीन फेऱ्यांच्या वेगात एक शतांश सेकंद म्हणजे दहा अंश.

कोलांटी चालू असताना मध्येच उभ्या अक्षाभोवती गिरकी कशी सुरू होते? तिचा संवेग कुठून आला?

वर सांगितलेल्या नियमाला इथे धक्का लागतोय असं वाटतं. फळीवरून निघताना फक्त पुढची फिरकी, आणि अर्ध्या वाटेत खेळाडू डोक्यापासून पायापर्यंतच्या अक्षाभोवती गरगरायला लागतो.

युक्ती हातांत आहे. हात दोन्ही बाजूंना पसरलेले आहेत असं समजा. खेळाडू एक हात वर डोक्याकडे आणि दुसरा खाली पोटाकडे झटकन नेतो. हात एका दिशेने फिरले, म्हणून धड उलट दिशेने कलतं. समोरून पाहिलं तर शरीराचा लांब अक्ष थोडा तिरका झालेला दिसतो. कोनीय संवेगाची दिशा मात्र जागची हललेली नाही, ती आडवीच आहे. आता तिरक्या शरीराच्या लांब अक्षावर त्या संवेगाचा छोटासा हिस्सा पडतो, आणि तो हिस्सा म्हणजे गिरकी.

हिस्सा छोटा असला तरी भरपूर पुरतो. लांब अक्षाभोवती शरीराचं जडत्व आघूर्ण कोलांटीच्या अक्षाभोवतीच्या आघूर्णाच्या दहा-पंधरा पटींनी कमी असतं. त्यामुळे दहा अंशांचा कल आला तरी एका कोलांटीत दोनेक गिरक्या बसतात. थांबवायच्या असतील तर हात उलटे न्यायचे. कल गेला की गिरकी गेली, आणि कोलांटी चालूच. काटकोनात मोडलेले हात एकदम उघडतात तो क्षण हाच.

फळीवर असतानाच खांदे वळवूनही गिरकी सुरू करता येते. पण ती फळीवरून घेतलेली उघड दिसता कामा नये असं नियम सांगतात, आणि ते बरंच आहे. हवेत जन्मलेली गिरकी हवेतच मिटवता येते. फळीवरून आणलेली शेवटपर्यंत पिच्छा सोडत नाही.

मांजर उलटं सोडलं तरी पायांवर पडतं. तसंच आहे का हे?

नात्यातलं आहे, तेच नव्हे. मांजराजवळ सुरुवातीला कोनीय संवेगच नसतो. ते कंबर वाकवून पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा वळवतं, बेरीज सतत शून्य राहते आणि तरीही शेवटी अंग उलटलेलं असतं. फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली काढलेल्या छायाचित्रमालिकेत हे टप्प्याटप्प्याने दिसतं. माणसालाही कमरेच्या हालचालीने असं वळता येतं, पण त्याला वेळ लागतो. अनेक गिरक्यांच्या उडीत कल देण्याची पद्धतच कामाची.

५२५३बी म्हणजे काय?

हा एका उडीचा सांकेतिक क्रमांक. पहिला ५ म्हणजे गिरकीची उडी. २ म्हणजे मागच्या दिशेची. पुढचा ५ म्हणजे पाच अर्ध्या कोलांट्या, अर्थात अडीच. ३ म्हणजे तीन अर्ध्या गिरक्या, अर्थात दीड. बी म्हणजे पाईक. ए म्हणजे स्ट्रेट, सी म्हणजे टक, डी म्हणजे मिश्र. गिरकी नसलेल्या उड्यांना तीनच आकडे असतात: १०७बी म्हणजे पाईकमधल्या पुढच्या साडेतीन कोलांट्या.

एवढं फिरताना आपण कुठे आहोत हे त्यांना कसं कळतं?

मुख्यतः डोळ्यांनी. प्रत्येक फेरीत एक क्षण असा येतो की पाणी किंवा छत नजरेसमोर असतं. ते क्षण मोजत खेळाडू अंग उघडण्याची वेळ ठरवतो. मुक्त पतनात वजन जाणवत नाही, त्यामुळे खाली कुठे हे कानातला तोल सांगू शकत नाही.

पाण्यावर सतत फवारा मारलेला असतो तो याचसाठी. स्थिर पाणी पारदर्शक असतं, वरून त्याचा पृष्ठभाग नेमका कुठे आहे ते कळत नाही. फवाऱ्यामुळे पाणी मऊ होतं हा समज चुकीचा आहे. सरावात तळातून हवेचे बुडबुडे सोडतात, त्याने मात्र आदळणं खरोखर सौम्य होतं.

शिंतोडे न उडवता पाण्यात शिरणं कसं जमतं?

बोटांची टोकदार चोच करून शिरत असतील असा बहुतेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात उलट आहे. एका हाताने दुसरा पकडून तळवे पाण्याकडे सपाट ठेवतात. सपाट तळवा पाण्याला बाजूला ढकलून रुंद पोकळी करतो आणि डोकं, खांदे, कंबर त्या पोकळीतून जातात. आत शिरताच हात झपकन बाजूला फाकवतात, त्यामुळे पोकळी खाली ओढली जाते आणि वर उसळू पाहणारं पाणी आत वळतं. याला रिप एन्ट्री म्हणतात. चांगली साधली तर टर्रकन आवाज येतो आणि वर फक्त फेस उरतो.

पोटावर पडलं तर? थांबायला जितकं अंतर कमी तितकं मंदन, म्हणजे वेग उतरण्याचा दर, जास्त. ताशी ५० च्या वेगाने अर्ध्या मीटरमध्ये थांबलात तर सरासरी मंदन गुरुत्वाच्या वीसपट होतं. साडेतीन मीटर खोल जात थांबलात तर तीनपट. दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली साधारण पाच मीटर खोल पाणी ठेवतात ते यामुळेच.

चांगले डायव्हर बहुधा लहान चणीचे का असतात?

अंगाची प्रमाणं तीच ठेवून उंची दहा टक्के वाढवली तर वजन ३३ टक्क्यांनी वाढतं, स्नायूंची ताकद २१ टक्क्यांनी, पण जडत्व आघूर्ण ६० टक्क्यांनी. म्हणजे फिरवायला लागणारं ओझं ताकदीच्या पुढे पळतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये चीनच्या १४ वर्षांच्या च्वान होंगचानने दहा मीटरमध्ये ४६६.२० गुण घेतले आणि पाचपैकी तीन उड्यांना शक्य तेवढे सगळे म्हणजे प्रत्येकी ९६ गुण मिळवले. हे नुसत्या चणीवर होत नाही, पण चण मदतीला असते. वाढीच्या वयात सहा महिन्यांत उंची भरभर वाढली की पाठ असलेली उडीसुद्धा परकी होते, हा त्याच गणिताचा दुसरा भाग.

सगळ्यात धोक्याची उडी कोणती?

ज्यात डोकं फळीच्या बाजूला फिरतं त्या. रिव्हर्स प्रकारात खेळाडू पुढे तोंड करून निघतो आणि मागे, फळीकडे कोलांटी घेतो. मागची फिरकी मिळवायला अंग मागे कललेलं हवं, आणि सुरक्षित राहायला अंग पुढे जायला हवं. या ओढाताणीत पुढे जाणं थोडं जरी कमी पडलं तरी डोकं फळीच्या टप्प्यात येतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ग्रेग लुगानिस यांचं डोकं तीन मीटरच्या बोर्डवर अशाच उडीत आदळलं. टाके घालून ते परतले आणि सुवर्णपदक जिंकले. नंतर दहा मीटरच्या अंतिम फेरीत रिव्हर्सच्याच साडेतीन कोलांट्या मारून १.१४ गुणांनी पुन्हा सुवर्ण घेतलं.

सेकंदाला एक मीटर एवढा आडवा वेग असेल तर पाण्यापर्यंत खेळाडू १.८ मीटर पुढे गेलेला असतो. त्याहून फार पुढे गेलं तर तो वाया गेलेला जोर, आणि पंचांनाही ते आवडत नाही.

२७ मीटरवरून उडी मारणारे पायांवर का पडतात?

हाय डायव्हिंगमध्ये पुरुष २७ आणि स्त्रिया २० मीटरवरून उतरतात. उंची २.७ पट झाली तरी वेग वर्गमुळाने वाढतो, म्हणून तो १.६ पटच, ताशी ८० च्या वर. पण पाण्याचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे पुन्हा २.७ पट. तो मनगटं, खांदे आणि मानेवर घेण्यापेक्षा पायांवर घेतलेला बरा.

अजून किती फेऱ्या वाढू शकतात?

उंची ठरलेली, गुरुत्व ठरलेलं, त्यामुळे वेळेची मर्यादा पक्की आहे. वाढ होऊ शकते ती फळीवरच्या धक्क्यात आणि गोळा किती घट्ट आवळता येतो त्यात, आणि दोन्ही ठिकाणी आता फार जागा उरलेली नाही. पुढच्या साडेचार कोलांट्या पुरुषांच्या स्पर्धेत नेहमीच्या झाल्या आहेत. गिरक्यांत मात्र वाव दिसतो, कारण लांब अक्षाभोवतीचं आघूर्ण मुळातच लहान आहे आणि हात किती झपाट्याने हलतात यावर कल ठरतो. सिडनी विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१७ मध्ये ५१३एक्सडी नावाच्या उडीचा हिशोब मांडला: दीड कोलांटीत पाच पूर्ण गिरक्या. उड्यांच्या सांकेतिक क्रमांकात अर्ध्या गिरक्यांसाठी एकच आकडा असल्याने दहासाठी त्यांना रोमन एक्स घ्यावा लागला.